जुन्या सहा सिलिंडरच्या मोटारीसाठी कार्बोरेटर निवडताना



बीडहून सोलापूरच्या दिशेने निघाले की बिंदुसरेचे खोरे मागे पडते आणि मांजरसुंब्याचा घाट लागतो. घाट चढून वर आले की बालाघाटाचे पठार, आणि पठारावर मांजरसुंब्याचा चौक. इथून एक वाट बीडला उतरते, एक सोलापूरला जाते, एक पाटोद्याकडे आणि एक केज-अंबाजोगाईकडे. आता रस्ता रुंद झाला आहे, आजच्या गाड्यांना घाट लागल्याचे कळतही नाही. पण एखाद्या जुन्या मोटारीची नाडी पाहायची असेल तर हा घाट आजही चांगला वैद्य आहे.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त गुरुजी याच भागात राहतात. त्यांच्या वडिलांनी घेतलेली सहा सिलिंडरची पेट्रोल मोटार त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये जिवापाड जपून ठेवली आहे. नातीचे लग्न ठरले तेव्हा घरात एकच हट्ट होता, की पोरगी सासरी जाईल ती आजोबांच्या गाडीतूनच. अडचण एवढीच, की गाडी सपाटीला ठीक चाले आणि घाटात धापा टाकी. कुणीतरी सांगितले, "गुरुजी, कार्बोरेटर लहान पडतोय. मोठा बसवा, बघा कशी उडते ती!" गुरुजींनी पेन्शनीतून पैसे काढले आणि शहरातून दोन नळ्यांचा भला थोरला कार्बोरेटर आणून बसवला.

आणि झाले काय? चाचणीसाठी गाडी काढली, तर दुसऱ्याच वळणावर फट्‌फट् करीत ती बसली. पाय दाबला की गुदमरे, सोडला की बंद पडे. बॉनेट उघडून पाहिले तो पेट्रोल पाझरून खाली तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकत होते. भडका उडाला नाही, हे त्या घराचे नशीब.

अशी जुनी गाडी तुमच्याही गावात, एखाद्या वाड्यात किंवा गोठ्याशेजारी उभी असेल. मुंबईला शिवडी येथे जनरल मोटर्स कंपनी १९२८ पासून १९५४ पर्यंत मोटारी जोडून विकत असे. तिथल्या बहुतेक शेव्हरोलेट गाड्या सहा सिलिंडरच्या. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डी सोटो या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यांतही सहा सिलिंडरचे इंजिन असे. यांतल्या बहुतेक गाड्यांवर एका नळीचा साधा कार्बोरेटर होता. आज त्याचे भाग मिळणे कठीण झाले आहे, म्हणून दुसरा बसवण्याचा विचार मनात येतो. विचार योग्यच आहे. पण निवड कशी करावी, हे आधी समजून घेऊ या.

कार्बोरेटर करतो तरी काय? पिकावर औषध मारण्याचा जुना हातपंप आठवा. दट्ट्या पुढे दाबला की वारा एका बारीक नळीच्या तोंडावरून जोरात जातो, आणि डब्यातले औषध आपोआप वर चढून तुषार होऊन उडते. औषधाला वर कुणी ढकलीत नाही. वारा वेगाने गेला की तिथला दाब कमी होतो, आणि डब्यातल्या औषधावर जो बाहेरच्या हवेचा दाब असतो तो त्याला वर चढवतो. शिक्षक मित्रांना हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. पेल्यात पाणी घ्या, त्यात एक नळी अशी उभी धरा की तिचे तोंड पाण्याच्या वर दोनच बोटे राहील, आणि दुसऱ्या नळीने त्या तोंडावरून आडवे जोरात फुंका. समोरच्या बाकावरची मुले भिजतील, पण धडा जन्मभर विसरणार नाहीत.

कार्बोरेटरमध्येही हेच घडते. इंजिन हवा आत ओढते. हवेच्या वाटेत एक आवळलेला गळा असतो, त्याला व्हेंच्युरी म्हणतात. नदी अरुंद खिंडीत शिरली की तिची धार वाढते, तशी या गळ्यात हवेची धार वाढते, दाब उतरतो, आणि जेट नावाच्या बारीक भोकातून पेट्रोल वर येऊन हवेत मिसळते. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोलला साधारण पंधरा भाग हवा लागते. चढावर, जोर लावताना, पेट्रोल थोडे जास्त लागते, म्हणजे एकास साडेबारा-तेरा भाग हवा.

आता गुरुजींच्या गाडीचे काय बिघडले ते पाहा. घरातली चूल पेटवायची फुंकणी बारीक का असते? आपला श्वास तेवढाच असतो. फुंकणी बारीक असली तरच तिच्यातून धार निघते. ड्रेनेजचा पाइप घेऊन कुणी चूल फुंकू लागला तर राखसुद्धा हलणार नाही. मोटारीचेही तसेच आहे. इंजिनाचा श्वास ठरलेला आहे. गळा मोठा केला म्हणून श्वास वाढत नाही. धार तेवढी मंदावते.

आणि ती किती मंदावते, हे गणिताने पाहण्याजोगे आहे. समजा, ३० मिलिमीटरचा गळा काढून ३६ मिलिमीटरचा बसवला. वाढ फक्त ६ मिलिमीटरची. पण गळ्याचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून हवेचा वेग तेवढाच उतरतो. आणि पेट्रोल वर खेचणारी ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे ओढ व्यासाच्या चौथ्या घाताने कमी होते. हिशेब केला तर जुनी ओढ १०० धरल्यास नवी ४८ भरते, निम्म्याहूनही कमी! सपाटीला, इंजिन भरधाव फिरत असताना ही उणीव भरून निघते. घाटात मात्र इंजिन सावकाश फिरते आणि पाय पूर्ण दाबलेला असतो. नेमकी तेव्हाच धार मरते, पेट्रोल नीट वर चढत नाही, चढले तरी त्याचे तुषार न होता थेंब होतात, आणि गाडी गुदमरते.

तर मग योग्य माप कसे काढावे? यासाठी दोन आकडे लागतात, इंजिनाची धारणशक्ती आणि त्याच्या जास्तीत जास्त फेऱ्या. चाळीसच्या दशकातल्या शेव्हरोलेटचे उदाहरण घेऊ. तिचे इंजिन सुमारे ३.५५ लिटरचे, आणि पूर्ण जोर मिनिटाला ३३०० फेऱ्यांना. चार टप्प्यांचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पूर्ण श्वास घेते. म्हणून ३३०० चे अर्धे १६५०, आणि १६५० गुणिले ३.५५ म्हणजे साधारण ५८५० लिटर. पण कोणतेही जुने इंजिन पोटभर श्वास घेत नाही. चारांतला तीन भाग घेते असे धरा. राहिले सुमारे ४४०० लिटर हवा दर मिनिटाला.

दुकानदार मात्र लिटरची भाषा बोलत नाही. तो 'सीएफएम' म्हणतो, म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट हवा. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. ४४०० ला २८.३ ने भागले की येतात १५५. म्हणजे १५५ ते पावणेदोनशे सीएफएमचा कार्बोरेटर या इंजिनाला पुरे. कुणी साडेतीनशे किंवा पाचशेचा काढून दाखवला आणि "घ्या साहेब, पुढे कामाला येईल" म्हणाला, तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जावे. लहान मुलाला पुढे होईल म्हणून बापाचा जोडा घालून कुणी शर्यतीला पाठवीत नाही.

इथे एक बारकावा लक्षात ठेवा. एका व दोन नळ्यांच्या कार्बोरेटरचे माप अमेरिकी पद्धतीत पाऱ्याच्या ३ इंच ओढीवर घेतात आणि चार नळ्यांचे दीड इंचावर. म्हणून दोन जातींचे आकडे जसेच्या तसे शेजारी ठेवून तुलना करू नये. चार नळ्यांचा आकडा १.४ ने गुणला म्हणजे तो एका नळीच्या मापाशी ताडून पाहता येतो.

आपल्याकडे जीपगाडीसाठी बनलेला सोलेक्स जातीचा एका नळीचा कार्बोरेटर अजून मिळतो. तो चालेल का, असे बरेच जण विचारतात. जीपचे जुने पेट्रोल इंजिन २.२ लिटरचे आणि ४००० फेऱ्यांचे. वरच्याच रीतीने हिशेब केला तर तिची गरज सुमारे ३३०० लिटर येते. म्हणजे शेव्हरोलेटला तो कार्बोरेटर थोडा अपुरा पडेल. भरधाव पळताना दम लागेल. पण लग्नाच्या वरातीपुरती आणि घाट चढण्यापुरती गाडी चालवायची असेल, तर योग्य जेट घालून तो काम देईल. थोडा लहान कार्बोरेटर वेग कमी करतो. फार मोठा कार्बोरेटर गाडीच रस्त्यात उभी करतो.

दोन नळ्यांचा घ्यायचाच असेल तर त्याच्या दोन्ही झडपा एकदम उघडतात की एकीमागून एक, हे हाताने उघडून पाहावे. आधी लहान नळी आणि जोर लागला की मग दुसरी, अशी रचना सावकाश चालणाऱ्या इंजिनाला सोसते. दोन स्वतंत्र कार्बोरेटर बसवण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. दोघांची चाल सारखी राखणे हे बैलजोडी जुळवण्यापेक्षाही अवघड काम आहे.

पण थांबा. बाजाराची वाट धरण्याआधी दोष कार्बोरेटरचाच आहे ना, याची खात्री करा. घाटात धाप लागण्याची कारणे पुष्कळ असतात. पाइंट जळलेले असतात, टायमिंग मागे पडलेले असते, एखादा व्हॉल्व्ह बसत नसतो. मिस्त्रीकडून सहाही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडे एकमेकांच्या जवळ असावेत. एखादा फारच खाली असेल तर नवा कार्बोरेटर म्हणजे मोडलेल्या पायाला नवी चप्पल. दुसरी तपासणी चोरवाऱ्याची. इंजिन स्लोवर चालू ठेवून मॅनिफोल्डच्या सांध्यांवर कुपीतून साध्या इंजिन ऑइलचे थेंब सोडा. आवाज बदलला तर तिथून वारा शिरतो आहे, असे समजा. या कामाला पेट्रोल कधीही वापरू नका. तिसरी, जुन्या कार्बोरेटरच्या झडपेचा दांडा हाताने हलवून पाहा. तो खुळखुळत असेल तर तिथूनही वारा जातो. बुश घालून तो दांडा घट्ट बसवता आला तर नवीन खरेदीची गरजच उरत नाही.

व्हॅक्युम मीटर लावणाऱ्यांनी आपल्या उंचीचे भान ठेवावे. बालाघाटाचे पठार समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटर उंच. मुंबईत १८ इंच दाखवणारे निरोगी इंजिन आपल्याकडे १६ इंचच दाखवील. हा आजार समजून कुणी औषध देऊ लागला तर ते घेऊ नये.

आता प्रत्यक्ष खरेदी. पहिली गोष्ट बैठक. खालची फ्लँज, बोल्टांमधले अंतर आणि भोकाचा व्यास कागदावर छापून बरोबर न्यावा. कार्बनच्या काजळीवर कागद दाबला की ठसा उमटतो. जुळवाजुळवीची पट्टी लावावी लागली तर आत पायरी राहू देऊ नये, कारण त्या पायरीवर पेट्रोल साचते. मॅनिफोल्ड कापून किंवा वेल्डिंग करून नवा कार्बोरेटर बसवू नये. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. मूळ स्वरूपात राखलेल्या, मोठा फेरबदल न झालेल्या गाड्यांसाठी ते आहेत. उद्या जुना भाग परत बसवता येईल असेच काम करावे.

दुसरी गोष्ट पेट्रोलचा दाब, आणि इथे जिवाशी गाठ आहे. जुन्या गाडीचा पेट्रोल पंप दर चौरस इंचाला साधारण ३ ते ५ पौंड दाब देतो. काही कार्बोरेटर दोन-तीन पौंडांपलीकडे सोसत नाहीत; मग फ्लोटची सुई दबते, पेट्रोल ओव्हरफ्लो होते आणि बाहेर सांडते. या सहा सिलिंडरच्या इंजिनांत हवा आत घेणारा आणि धूर बाहेर टाकणारा असे दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला असतात. म्हणजे कार्बोरेटरच्या पोटाखालीच निखारा! गुरुजींच्या गाडीत नेमके हेच झाले होते. म्हणून नवा कार्बोरेटर किती दाब सोसतो हे विचारावे, मीटर लावून पंपाचा दाब मोजावा आणि तो जास्त असेल तर दाब कमी करणारा रेग्युलेटर मध्ये घालावा. पहिल्यांदा गाडी सुरू करताना आग विझवण्याचे नळकांडे हाताशी ठेवावे.

तिसरी गोष्ट, शेव्हरोलेटसारख्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी एक बारीक व्हॅक्युमची नळी कार्बोरेटरला जोडलेली असते. नव्या कार्बोरेटरला तसे भोक झडपेजवळ आहे का ते पाहावे. नसेल तर ठिणगी वेळेवर पुढे सरकणार नाही आणि पेट्रोल उगाच जळेल. चौथी गोष्ट विजेची. पन्नासच्या सुमाराच्या बऱ्याच अमेरिकी गाड्या ६ व्होल्टच्या होत्या. विजेवर चालणारा चोक १२ व्होल्टचा असतो. तो अशा गाडीत नीट उघडणार नाही. हाताने ओढायचा चोक बरा. पाचवी गोष्ट उष्णतेची. कार्बोरेटरखाली फायबरचा जाड ठोकळा असावा, नाहीतर उन्हाळ्यात चौकात गाडी दहा मिनिटे उभी केली की आतले पेट्रोल उकळू लागते.

राहिला आजच्या पेट्रोलचा प्रश्न. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते जवळजवळ सर्वत्र पोहोचले. यातले काही इथेनॉल उसापासून होते, आणि बीड जिल्ह्यातून दरवर्षी कोयता घेऊन किती माणसे ऊसतोडीला जातात, हे मांजरसुंब्याच्या चौकात उभे राहणाऱ्याला सांगायला नको. आपल्याच घामाचा अंश टाकीत येतो म्हणा ना! पण जुन्या कार्बोरेटरला तो सोसत नाही. काही जुन्या कार्बोरेटरमध्ये बुचाच्या लाकडाचा फ्लोट असतो आणि त्याला लाखेचे पॉलिश असते. सुतार लाख स्पिरिटमध्ये विरघळवतो, हे तुम्ही पाहिले आहे. इथेनॉल हेही स्पिरिटच. पॉलिश सुटते, फ्लोट जड होऊन बुडतो आणि पेट्रोल वाहू लागते. जुने रबरही फुगते. म्हणून फ्लोट पितळेचा किंवा इथेनॉल सोसणाऱ्या पदार्थाचा घ्यावा, पंपाचा पडदा, वॉशर आणि रबरी नळ्या त्याच प्रतीच्या असाव्यात, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा.

इथेनॉलला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. त्यामुळे जुन्याच जेटवर मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी पातळ पडते. उलट आपल्या पठारावर हवा विरळ, म्हणून मिश्रण तीन-चार टक्क्यांनी दाट होते. एकाने दुसऱ्याची भरपाई थोडी होते, सगळी होत नाही. म्हणून जेट एक पायरी मोठे लागण्याचा संभव आहे. हे अंदाजाने ठरवू नका. घाट चढून या, वर आल्याबरोबर इंजिन बंद करा, थोडे निवू द्या आणि प्लग काढून पाहा. फिकट तपकिरी रंग असेल तर सारे ठीक. पांढरा फटक असेल तर पेट्रोल कमी पडते आहे; काळी काजळी असेल तर जास्त होते आहे. सहाही प्लग पाहावेत. लांब मॅनिफोल्डच्या दोन टोकांचे सिलिंडर पुष्कळदा उपाशी राहतात, आणि नुसता मधला प्लग पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

गुरुजींच्या गाडीचे पुढे काय झाले, ही उत्सुकता तुम्हाला असेल. मूळ धापेचे कारण मॅनिफोल्डचे फाटलेले पॅकिंग निघाले. पॅकिंग दोन तासांत बदलले. जुन्या कार्बोरेटरचे पोट वाकडे झाले होते, त्यामुळे तो परत बसवणे धोक्याचे होते. म्हणून गुरुजींनी फळ्यावर हिशेब मांडला, कागदावर फ्लँजचा ठसा घेतला आणि त्या मापाचा एका नळीचा कार्बोरेटर शोधून आणला. जेट दोनदा बदलावे लागले. जुना कार्बोरेटर त्यांनी भंगारात दिला नाही. तेल लावून, फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला. लग्नाच्या दिवशी नवरी त्याच गाडीतून निघाली, आणि मांजरसुंब्याच्या घाटात एकदाही बॉनेट उघडावे लागले नाही.

मित्रहो, तुमच्याकडे अशी गाडी असेल तर बाजारात जाण्यापूर्वी एक कागद घ्या. त्यावर इंजिनाचे लिटर, त्याच्या फेऱ्या, फ्लँजचा ठसा, पंपाचा दाब आणि बॅटरीचे व्होल्ट एवढे पाच आकडे लिहा. शाळेतल्या मुलांकडून हिशेब करवून घेतलात तर आणखी चांगले. तो कागद खिशात असला म्हणजे दुकानदाराने कितीही मोठा माल पुढे मांडला, तरी तुमचा हात आपल्या मापाच्या वस्तूकडेच जाईल.